हंगामात फाइल सर्व्हर रखडतो तेव्हा: मोजणीपासून ट्यूनिंगपर्यंत

एप्रिल उजाडला की सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्यांत कुणाला फुरसत नसते. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, त्याआधी मापं, कटिंग, शिलाई, खिशावरचे भरतकामाचे लोगो, बिलं आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या हे सगळं एकाच वेळी चालू असतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचा हंगाम ऑर्डरीप्रमाणे पुढेमागे होतो, एवढाच फरक. अशा दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास डिझाइनची फाइल उघडायला अर्धा मिनिट लागू लागतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर मध्येच गोठतं आणि मालक विचारतात, "नवीन सर्व्हर घेऊन टाकू का?"

घ्यावा लागेलही कदाचित, पण आधी मोजा. सुताची कांडी संपली असताना मागाला मोठी मोटर लावून कापड वाढत नाही. सर्व्हरमध्ये नेटवर्क, डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर या चारांपैकी एक जागा अडलेली असते. ती सापडेपर्यंत उरलेल्या तिन्हींवर केलेला खर्च वाया जातो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वेग वाढवणाऱ्या बऱ्याच सेटिंग डेटाच्या सुरक्षिततेचा थोडा वाटा काढून घेतात, आणि भर उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा त्याची किंमत कळते. म्हणून पुढे जिथे जिथे असा सौदा आहे तिथे तो स्पष्ट सांगितला आहे.

हा लेख २० ते ५० संगणकांच्या कार्यालयासाठी आहे. सर्व्हरवर लिनक्स, आणि नेटवर्कवरून फाइली वाटण्यासाठी दोन सोयी, विंडोजच्या संगणकांसाठी सांबा आणि एखाद-दुसऱ्या लिनक्स यंत्रासाठी एनएफएस, अशी मांडणी धरली आहे. सोलापुरात मध्यम कारखान्यांत, दवाखान्यांत आणि फोटो-व्हिडिओ स्टुडिओत साधारण हेच दिसतं.

पहिली पायरी: भार कसला आहे ते ओळखा

"सर्व्हर स्लो आहे" या तक्रारीतून काहीच कळत नाही. कोण, कोणत्या वेळी, कोणती फाइल उघडताना अडकतो ते विचारा. एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर समोर ठेवला तर त्यावर चार अगदी वेगळे भार एकत्र बसलेले सापडतील.

जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणण्याची, डिझाइनं म्हणजे मोजक्या रंगांच्या बिटमॅप फाइली. एकेक फाइल लहान, पण वर्षानुवर्षं एकाच फोल्डरमध्ये साठून त्यांची संख्या हजारोंत जाते. इथे डेटा वाहून नेण्यापेक्षा नाव शोधणं, तारीख बघणं, परवानगी तपासणं यातच वेळ जातो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा भार निराळा: एकाच फाइलमध्ये दहा-पंधरा जण छोटे छोटे तुकडे वाचतात आणि लिहितात, आणि प्रत्येक नोंद डिस्कवर पोचल्याची खात्री मागतात. कॅटलॉगचे फोटो आणि व्हिडिओ मोठे असतात, ते सरळ एका दमात वाचले जातात. चौथा भार सीसीटीव्हीचा. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटने लिहीत असतील तर सेकंदाला ६४ मेगाबिट, म्हणजे ८ मेगाबाइट. आकडा किरकोळ वाटतो, पण तो दिवसरात्र चालतो आणि २४ तासांत जवळजवळ ६९० गिगाबाइट लिहून मोकळा होतो.

यातला प्रत्येक भार एकटा असता तर कोणताही साधा सर्व्हर तो सहज पेलतो. चारही एकाच डिस्कवर आले की डिस्कचं वाचण्या-लिहिण्याचं डोकं सतत इकडून तिकडे उड्या मारत राहतं. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक रखडलेल्या सर्व्हरांचं मूळ कारण हे मिश्रण असतं, आणि सेटिंग बदलण्याआधी भार वेगळे करण्याचा विचार करावा तो यासाठी.

दुसरी पायरी: गर्दीच्या वेळी मोजा

संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर केलेली चाचणी सर्व्हरची तब्येत सांगते, तक्रारीचं कारण सांगत नाही. मोजणी दुपारच्या गर्दीत करायची. त्यासाठी सिसस्टॅट हे पॅकेज बसवा आणि त्याची नोंद ठेवणारी सेवा चालू करा. मग 'सार' या आज्ञेने काल दुपारी काय झालं तेही आज बघता येतं. निदान एक आठवडा ही नोंद साठू द्या.

डिस्कसाठी 'आयओस्टॅट' विस्तारित स्वरूपात, दर सेकंदाला चालवा. त्याचं पहिलं उत्तर सर्व्हर चालू झाल्यापासूनची सरासरी असते, ते सोडून द्या. पुढच्या ओळींत वाचनाचा आणि लेखनाचा 'अवेट' बघा. हा आकडा म्हणजे एका विनंतीला उत्तर मिळायला लागलेले मिलिसेकंद. फिरत्या डिस्कवर तो ५ ते १५ असेल तर ठीक. सतत ३०-४०च्या वर राहत असेल तर डिस्क दमली आहे. शेजारी रांगेची लांबी दाखवणारा स्तंभ असतो, तोही त्याच वेळी फुगलेला दिसेल. 'युटिल' या टक्केवारीवर मात्र एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) यांच्या बाबतीत विसंबू नका. अशी साधनं एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळतात, त्यामुळे १०० टक्के दिसत असतानाही त्यांच्यात भरपूर जागा शिल्लक असू शकते.

मेमरीसाठी 'फ्री' चालवलं की पुष्कळ जण घाबरतात, कारण मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसते. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवण्यासाठी, वापरतो, आणि फाइल सर्व्हरवर तेच हवं असतं. बघायचा तो 'अव्हेलेबल' हा स्तंभ. प्रोसेसरसाठी 'एमपीस्टॅट' प्रत्येक कोरचा वेगळा हिशेब दाखवतं. आठ कोरची सरासरी १२ टक्के दिसते आणि प्रत्यक्षात एकच कोर पूर्ण भरलेला असतो, असं नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (डेटा आल्याच्या सूचना) एकाच कोरवर आले की घडतं.

नेटवर्कचा वेग डिस्कला बाजूला ठेवून मोजायचा असेल तर 'आयपर्फ३' वापरा. ते एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत डेटा पाठवतं, डिस्कला हातही लावत नाही. गिगाबिटच्या जाळ्यावर सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला पाहिजे. तेवढा येत असेल आणि तरी फाइल सावकाश कॉपी होत असेल, तर दोष सर्व्हरच्या पोटात शोधायचा.

तिसरी पायरी: केबल, स्विच आणि मधली यंत्रं

हा भाग लवकर संपतो, पण वगळू नका, कारण इथे सापडणारे दोष शंभर रुपयांत दुरुस्त होतात.

'ईथटूल'ने सर्व्हरचं कार्ड किती वेगाने जोडलं आहे ते बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे केबलला कनेक्टर दाबून बसवताना एक तार नीट बसली नाही, किंवा उंदराने एक जोडी कुरतडली, तर जोडणी बंद पडत नाही. बऱ्याचदा ती गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. लाइट लागलेली दिसते, इंटरनेट चालतं, आणि फाइल मात्र सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर सरकत नाही. गिगाबिटला हाच आकडा ११० ते ११८ असतो. कुणी "कॉपी करताना बारा एमबी दाखवतं" म्हणालं की आधी केबल बदला. जुन्या आयपी फोनच्या मागून संगणकाला जोडणी दिली असेल तरी असंच होतं, कारण कित्येक जुन्या फोनचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात.

त्याच आज्ञेने कार्डाची आकडेवारी काढता येते. त्यात सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पाकिटांचा, आकडा तासागणिक वाढत असेल तर केबल, कनेक्टर किंवा स्विचचा पोर्ट खराब आहे. मागांच्या मोटरींच्या वायरीला खेटून नेटवर्कची केबल ओढली असेल तर ती आधी वेगळी करा.

स्विचची साखळीही तपासा. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर, तिथून डिझाइन रूमला, असे तीन छोटे स्विच एकामागे एक जोडले असतील तर शेवटच्या खोलीतले सगळे संगणक मिळून एकाच गिगाबिट तारेवर लोंबकळत असतात. सर्व्हरपासून मुख्य स्विचपर्यंत १० गिगाबिट आणि पुढे प्रत्येक मजल्याला वेगळी तार, ही मांडणी आता फार महाग राहिलेली नाही.

दोन तारा एकत्र बांधण्याचा, म्हणजे बाँडिंगचा, सल्लाही मिळेल. तो उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्या. एका संगणकाची एक जोडणी एकाच तारेवरून जाते. त्यामुळे वीस जणांना मिळून फायदा होतो, पण व्हिडिओ एडिटरच्या एकट्याच्या कॉपीचा वेग जिथल्या तिथे राहतो.

वायफायवरून हिशेबाचं काम करू देऊ नका. छोट्या फाइलींच्या कामात तारेची रुंदी गौण असते, एका फेरीला, म्हणजे विनंती जाऊन उत्तर परत यायला, लागणारा वेळ सगळं ठरवतो. १०,००० छोट्या फाइली, प्रत्येकीला पाच फेऱ्या धरा. तारेवर एक फेरी ०.२ मिलिसेकंदात झाली तर एकूण १० सेकंद लागतात. वायफायवर तीच फेरी ३ मिलिसेकंद घेते आणि एकूण वेळ अडीच मिनिटांवर जातो.

जंबो फ्रेम, म्हणजे ९,००० बाइटचं पाकीट, १० गिगाबिटच्या जाळ्यावरच विचारात घ्या, आणि तेही सर्व्हर, स्विच व प्रत्येक संगणक एकाच आकारावर असतील तरच. एक यंत्र जरी १,५०० वर राहिलं तर अधूनमधून अडकणाऱ्या जोडण्यांचं दुखणं सुरू होतं, आणि त्याचं कारण शोधणं फार किचकट असतं.

चौथी पायरी: डिस्क

इथे सर्वाधिक वेळ द्या.

मिनिटाला ७,२०० वेळा फिरणारी डिस्क एक फेरी ८.३३ मिलिसेकंदात पूर्ण करते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं, आणि त्यात डोकं सरकण्याचा वेळ मिळवा. म्हणून अशी डिस्क सेकंदाला ७५ ते १०० विखुरलेल्या विनंत्यांपलीकडे जात नाही. सरळ वाचनात हीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट देते, आणि जाहिरातीत तोच आकडा छापलेला असतो. तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

आता रेडचं गणित. प्रत्येकी ८० विनंत्या पेलणाऱ्या चार डिस्क घेतल्या तर वाचनाला एकूण ३२० मिळतात. रेड ५ मध्ये छोटं लेखन करताना जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवून देणारी नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. म्हणजे चार डिस्क मिळूनही लेखनाला सेकंदाला ८० विनंत्याच उरल्या, एका डिस्कइतक्या. रेड १० मध्ये डेटाच्या दोन प्रती लिहायच्या, म्हणून दोनच कामं होतात आणि १६० मिळतात. रेड ६ मध्ये सहा कामं. जागा वाचते म्हणून रेड ५ निवडलं जातं आणि मग पंधरा जणांचं बिलिंग त्याच्यावर बसवलं जातं, ही जोडी मला कधीच पटलेली नाही. फोटो आणि जुन्या फाइलींच्या साठ्याला रेड ६ चांगलं. सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटाला रेड १ किंवा रेड १० द्या.

रेड कंट्रोलर, म्हणजे रेडच्या डिस्क सांभाळणारं वेगळं कार्ड, असेल तर त्याची बॅटरी तपासा. कंट्रोलर लेखन आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, लगेच "झालं" म्हणतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. बॅटरी किंवा कपॅसिटर शाबूत आहे म्हणूनच हे सुरक्षित असतं. बॅटरी निकामी झाली की बहुतेक कंट्रोलर ही सोय आपोआप बंद करतात आणि लेखनाचा वेग एका दिवसात कोसळतो. सर्व्हर तोच, भार तोच, कुणी काही बदललेलं नाही आणि तरीही सगळं रखडलं, अशा वेळी कंट्रोलरची स्थिती पहिल्यांदा बघा. उष्णतेत या बॅटऱ्या लवकर मरतात. वेग परत मिळावा म्हणून बॅटरीशिवाय ती सोय जबरदस्तीने चालू करण्याचा पर्याय काही कंट्रोलर देतात. तो निवडू नका, बॅटरी बदला.

माझी शिफारस अशी: वीज गेली तरी हातातलं लेखन पूर्ण करणारे, म्हणजे कपॅसिटर असलेले, दोन सर्व्हर दर्जाचे एसएसडी आरशासारखे जोडून त्यावर फक्त हिशेब आणि चालू डिझाइनं ठेवा. घरगुती एसएसडीचा वेग जाहिरातीत मोठा असतो, पण प्रत्येक नोंदीला "पक्कं लिहिलं का?" विचारणाऱ्या कामात कपॅसिटरवाले एसएसडी त्यांना मागे टाकतात. फोटो, व्हिडिओ आणि जुना साठा फिरत्या डिस्कवर राहू द्या. सीसीटीव्हीला स्वतःची वेगळी डिस्क द्या, ती रेडमध्ये नसली तरी चालेल. एवढी एक फेरमांडणी केली की पुढच्या निम्म्या सेटिंगची गरज उरत नाही.

नवी डिस्क घेताना ती एसएमआर तंत्राची नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. या डिस्कवर पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. एका भागात बदल करायचा तर शेजारचा भागही पुन्हा लिहावा लागतो, आणि रेड दुरुस्त होत असताना अशी डिस्क अतिशय मंदावते.

रेडची नियमित तपासणी कधी चालते तेही बघून ठेवा. डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू होते. ८ टेराबाइटची डिस्क १५० मेगाबाइटच्या वेगाने पूर्ण वाचायला जवळजवळ १५ तास लागतात, आणि सोबत सीसीटीव्हीचं लेखन चालू असेल तर तपासणी सोमवारच्या कामाच्या वेळेत घुसते. ती बंद करू नका. तिची कमाल गती मर्यादित करा किंवा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी हलवा. बॅकअपलाही तोच नियम.

बाकीच्या बाबी थोडक्यात. एनव्हीएमई डिस्कला (वेगवान प्रकारचा एसएसडी) आयओ शेड्यूलर, म्हणजे विनंत्यांचा क्रम लावणारा भाग, 'नन' ठेवा, फिरत्या डिस्कला 'एमक्यू-डेडलाइन'. व्हिडिओच्या रेडवर रीडअहेड, म्हणजे पुढे लागेल म्हणून आधीच वाचून ठेवायचा डेटा, १२८ किलोबाइटवरून १ ते ४ मेगाबाइटपर्यंत वाढवून बघा. हिशेबाच्या डिस्कवर तो वाढवू नका, नको असलेला डेटा उचलण्यात वेळ जातो. फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारं 'नोएटाइम' लावायला हरकत नाही, पण लिनक्स २००९ पासून ती वेळ क्वचितच नोंदवणारं 'रिलेटाइम' आपोआप वापरतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

पाचवी पायरी: मेमरीत तुंबलेलं लेखन

तक्रार अशी असते: "एरवी छान चालतं, पण दर थोड्या वेळाने सगळ्यांचंच अर्धा-एक मिनिट थांबतं." याचं कारण बहुधा मेमरीत साठलेल्या, अजून डिस्कवर न उतरलेल्या डेटात असतं.

लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे असा डेटा उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की पार्श्वभूमीवर लेखन सुरू होतं, आणि २० टक्क्यांवर गेला की लिहिणाऱ्या प्रत्येकाला थांबवलं जातं. ६४ गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर २० टक्के म्हणजे १२ गिगाबाइटहून जास्त. कुणी लग्नाच्या व्हिडिओचं फोल्डर सर्व्हरवर टाकलं की एवढा डेटा पटकन साठतो. १५० मेगाबाइटच्या वेगाने तो उतरायला दीड मिनिटाच्या आसपास लागतं, आणि त्या वेळात त्याच डिस्कवर बिल सेव्ह करणारा माणूस रांगेत ताटकळतो.

उपाय असा की टक्केवारीऐवजी थेट बाइटमध्ये मर्यादा घाला. 'व्हीएम डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' २५६ मेगाबाइट आणि 'व्हीएम डर्टी बाइट्स' १ गिगाबाइट, इथून सुरुवात करा. बाइटची मर्यादा घातली की टक्केवारीची आपोआप रद्द होते. मोठ्या कॉपीचा सुरुवातीचा दिखाऊ वेग कमी झालेला दिसेल. तो डिस्कचा खरा वेग आहे, आणि बाकीच्या सगळ्यांचं थांबणं आटोक्यात येतं.

हजारो डिझाइनांच्या फोल्डरसाठी 'व्हीएफएस कॅश प्रेशर' १०० वरून ५० वर आणा. नावांची आणि फाइलींच्या माहितीची नोंद मेमरीत जास्त काळ टिकते, आणि फोल्डर दुसऱ्यांदा उघडताना फरक जाणवतो.

टीसीपीचे बफर, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा तात्पुरता धरणाऱ्या जागा, वाढवण्याच्या सल्ल्याबद्दल इथेच सांगतो. गिगाबिटच्या तारेवर एक फेरी ०.२ मिलिसेकंदाची असेल तर वाटेत एका वेळी मावणारा डेटा फक्त २५ किलोबाइट आहे. १० गिगाबिटला २५० किलोबाइट. लिनक्स हे स्वतःच सांभाळतो. कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात या आकड्यांना हात लावण्याची गरज मला क्वचितच दिसली आहे.

सहावी पायरी: एनएफएस

पहिली सेटिंग धाग्यांची, म्हणजे एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या त्यांची संख्या. बरीच वर्षं हा आकडा मुळात ८ असायचा, नव्या आवृत्त्यांत १६ आहे. प्रत्येक धागा डिस्कची वाट बघत थांबला की नवी विनंती बाहेर उभी राहते. 'एनएफएस डॉट कॉन्फ' या फाइलीत 'एनएफएसडी' विभागाखाली तो ३२ किंवा ६४ करा. गरज होती का हे आधी तपासायचं असेल तर 'प्रॉक' खाली 'एफएस', त्यात 'एनएफएसडी', त्यात 'पूल स्टॅट्स' ही फाइल वाचा. तिथला 'सॉकेट्स एनक्यूड' हा आकडा गर्दीच्या वेळी झपाट्याने वाढत असेल तर धागे कमी पडत आहेत. मात्र चौथ्या पायरीत डिस्कच दमलेली सापडली असेल तर धागे वाढवून तिच्यावर आणखी ओझं पडतं.

वाचन-लेखनाच्या तुकड्याचा आकार आता सर्व्हर आणि संगणक आपसात ठरवून १ मेगाबाइटपर्यंत नेतात. जुन्या मार्गदर्शकांतून उचललेला ८ किंवा ३२ किलोबाइटचा आकडा तुमच्या माउंटच्या, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर संगणकाला जोडण्याच्या, ओळीत पडून असेल तर तो काढून टाका. लिनक्स ५.३ पासून 'एनकनेक्ट' हा पर्याय आहे, त्याने एकाच माउंटसाठी अनेक टीसीपी जोडण्या उघडतात. १० गिगाबिटवर व्हिडिओचं काम असेल तर ४ देऊन बघा. माउंट 'हार्ड' च ठेवा. 'सॉफ्ट' मध्ये वेळ संपली की प्रोग्रामला चूक परत मिळते, आणि बरेच प्रोग्राम ती नीट हाताळत नाहीत. अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते.

'एनएफएसआयओस्टॅट' संगणकाच्या बाजूने चालवा. तिथे विनंती सर्व्हरकडे जाऊन परत यायचा वेळ आणि एकूण वेळ असे दोन आकडे मिळतात. दोन्ही जवळजवळ सारखे आणि मोठे असतील तर सर्व्हर किंवा नेटवर्क तपासा. एकूण वेळ खूप मोठा आणि जाण्यायेण्याचा वेळ लहान असेल तर रांग संगणकाच्या आतच लागली आहे.

आता सौद्याची गोष्ट. सर्व्हरवरच्या एक्सपोर्टमध्ये, म्हणजे कोणतं फोल्डर वाटायचं ते सांगणाऱ्या ओळीत, 'सिंक' च्या जागी 'असिंक' लिहिलं की लेखनाचा वेग कित्येक पट वाढलेला दिसतो, कारण डेटा डिस्कवर न उतरताच सर्व्हर "झालं" म्हणतो. संगणकाला वाटतं नोंद पक्की झाली. त्या क्षणी वीज गेली तर नोंद नाहीशी होते आणि कुणालाच चूक दिसत नाही. पुन्हा तयार करता येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींसाठी 'असिंक' वापरा. बिलं, पगार, ऑर्डरी यांच्यासाठी कधीही नाही. तिथे वेग हवा असेल तर कपॅसिटरवाले एसएसडी हाच रस्ता.

सातवी पायरी: सांबा

सांबाच्या मुख्य फाइलीत 'सॉकेट ऑप्शन्स' नावाची ओळ शोधा. तिच्यात बफरचे ठरावीक आकडे लिहिलेले असतील तर ती ओळ पुसून टाका. जुन्या काळी हा सल्ला सर्रास फिरला. आज त्या ओळीमुळे लिनक्सचं स्वतःचं समायोजन बंद पडतं आणि वेग उलट कमी होतो. 'लॉग लेव्हल', म्हणजे नोंदी किती तपशिलात ठेवायच्या तो आकडा, कुणी दोष शोधताना १० वर नेऊन तसाच ठेवला आहे का बघा, आणि तो १ वर आणा.

डिझाइनच्या फोल्डरसाठी खरी फायद्याची सेटिंग वेगळीच आहे. विंडोज नावातली लहान-मोठी अक्षरं एक मानतो, लिनक्स वेगळी मानतो. त्यामुळे नवी फाइल बनवताना तेच नाव दुसऱ्या अक्षरांत आधीपासून आहे का, हे बघायला सांबाला अख्खं फोल्डर चाळावं लागतं. ४०,००० फाइली असतील तर प्रत्येक नव्या फाइलीसाठी ४०,००० नावं. उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे वर्ष आणि गिऱ्हाइकानुसार उपफोल्डर करणं. दुसरा उपाय फक्त त्या एका शेअरपुरता: आधी सगळ्या जुन्या फाइलींची नावं लहान अक्षरांत करा, मग 'केस सेन्सिटिव्ह' चालू, 'डिफॉल्ट केस' लोअर, आणि 'प्रिझर्व्ह केस' व 'शॉर्ट प्रिझर्व्ह केस' दोन्ही बंद करा. नावं न बदलता ही सेटिंग केली तर जुन्या फाइली सापडेनाशा होतील, म्हणून क्रम पाळा. मी कारखान्यातल्या डिझाइन मास्तरांना पहिलाच उपाय सुचवतो. त्यात धोका नाही आणि डिझाइन शोधणंही सोपं होतं.

'स्ट्रिक्ट सिंक' सांबा ४.७ पासून मुळातच चालू असतं. प्रोग्रामने "डिस्कवर उतरव" म्हटलं की सांबा खरोखर उतरवतो. हे बंद केल्यास वेग वाढेल, पण धोका 'असिंक' चाच, त्यामुळे चालूच ठेवा.

साइनिंग (डेटा वाटेत बदलला नाही याची सही) आणि एन्क्रिप्शन (डेटा गुप्त करणं) यांना प्रोसेसर लागतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइजमध्ये साइनिंग मुळातच सक्तीचं आहे. संगणक बदलल्यावर मोठ्या कॉपीचा वेग थोडा उतरला तर हे कारण तपासा. साइनिंग बंद करण्याऐवजी सर्व्हरचा प्रोसेसर एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या सूचना हार्डवेअरमध्ये चालवतो ना ते बघा. गेल्या दहा वर्षांतले बहुतेक सर्व्हर प्रोसेसर चालवतात.

एकच फोल्डर सांबा आणि एनएफएस अशा दोन्ही वाटांनी लिहिण्यासाठी उघडू नका. विंडोजचा संगणक फाइलीची प्रत स्वतःजवळ धरून काम करतो, आणि दुसऱ्या वाटेने झालेला बदल त्याला वेळेवर कळेलच असं नाही.

आठवी पायरी: ऊन, धूळ, हादरे आणि वीज

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. सर्व्हरची खोली पत्र्याच्या छताखाली असेल तर आतलं तापमान त्याहून वाढतं. 'स्मार्टकंट्रोल' (smartctl) या आज्ञेने डिस्कचं तापमान सकाळी आणि दुपारी तीनला नोंदवा. फिरत्या डिस्क ४५ अंशांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. एनव्हीएमई डिस्क तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि प्रोसेसरही तेच करतो. सकाळी ठीक, दुपारी मंद, रात्री पुन्हा ठीक, असा आलेख दिसला तर सेटिंगकडे वळण्याआधी पंखे बघा. मागांच्या खोलीजवळच्या सर्व्हरमध्ये सुताचे बारीक तंतू पंख्यावर आणि हीटसिंकवर नमद्यासारखा थर धरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर तो काढलाच पाहिजे.

हादऱ्यांनी डिस्क मंदावते, यावर पटकन विश्वास बसत नाही. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधले अभियंता ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रॅकसमोर मोठ्याने ओरडून दाखवलं होतं, आणि त्या क्षणी विलंब वाढल्याचं आलेखावर उमटलं होतं. यंत्रमागांच्या शेडची भिंत सर्व्हर रूमला लागून असेल तर रॅक त्या भिंतीपासून लांब ठेवा आणि पायांखाली रबर द्या. माग बंद असतानाचा आणि चालू असतानाचा 'अवेट' शेजारी शेजारी लिहून बघा, कळेल.

विजेसाठी ऑनलाइन यूपीएस घ्या आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडा. 'नट' हे मोफत सॉफ्टवेअर बॅटरी उतरत आली की सर्व्हर व्यवस्थित बंद करतं. नेटवर्कचा स्विचही यूपीएसवर हवा. सर्व्हर चालू आणि स्विच बंद, अशा स्थितीत उघड्या फाइलींच्या सगळ्या जोडण्या तुटतात आणि हिशेबाच्या फाइली बिघडण्याचा धोका तितकाच राहतो. जनरेटरवर जातानाच्या काही सेकंदांची चाचणी एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम घ्या.

नववी पायरी: एका वेळी एकच बदल

एक वही ठेवा. तारीख, बदललेली सेटिंग, आधीचं मूल्य, नवं मूल्य, आणि दुपारी बारा ते दोनमधले 'अवेट' व रांगेचे आकडे. एक बदल केला की निदान दोन कामाचे दिवस थांबा. दोन बदल एकत्र केले तर एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा मिसळून जातो.

कृत्रिम चाचणीसाठी 'फिओ' वापरा, पण चाचणीची फाइल मेमरीच्या दुप्पट आकाराची ठेवा. लहान ठेवली तर कॅशचाच वेग मोजला जातो. चालू डेटा असलेल्या डिस्कवर थेट लेखनाची चाचणी कधीही लावू नका, ती डेटा पुसते. चाचणी फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीवरच करा, आणि त्याआधी बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणता येते ना ते पाहून घ्या.

वहीत दोन आठवड्यांचे आकडे जमले की मालकांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. भार वेगळे केल्यावरही डिस्कचा 'अवेट' चढाच असेल तर एसएसडी घ्या. 'अव्हेलेबल' मेमरी सतत कमी आणि डिस्कवर वाचन जास्त असेल तर मेमरी वाढवा. सर्व्हरची तार दुपारभर ११० मेगाबाइटला टेकलेली असेल तर १० गिगाबिटचं कार्ड आणि स्विच. साइनिंग, एन्क्रिप्शन आणि इंटरप्ट तपासूनही सगळे कोर भरलेले राहत असतील, तेव्हाच नवा सर्व्हर. खरेदी आणि बदल फेब्रुवारीत उरकून घ्या, म्हणजे एप्रिलची गर्दी सुरू होण्याआधी नव्या मांडणीला एक पूर्ण महिना साध्या भारावर चालवून बघता येईल.